राणीच्या व्हिसावरचा राजा

अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात श्रीरंगला सगळे 'राजे' म्हणत, आणि तेही तोंडावर! बायको विनीता कंपनीत केमिस्ट, हा तिच्या व्हिसावर आलेला. नोकरी करायला कायद्यानं बंदी. साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस इथे पोळ्या लाटायचा, पाच वर्षांच्या लेकीला, प्रतिमाला सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात लायब्ररीत बसून पुस्तक लिहायचा. कुणावर म्हणाल, तर गी नावाच्या फ्रेंच सरदारावर. आठशे वर्षांपूर्वी हा सिबिला राणीचा नवरा म्हणून जेरुसलेमचा राजा झाला. दरबाऱ्यांना तो डोळ्यांसमोर नको होता, पण राणीनं स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. हा प्रसंग श्रीरंगनं हौसेनं चारदा लिहिला. पुढे छावणीत साथ आली, राणी गेली आणि याचं राज्यही गेलं. ते प्रकरण मात्र काही केल्या त्याच्या हातून होईना.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विनीताला कॅन्सर निघाला. ग्रीन कार्डाचा अर्ज तिचा, श्रीरंगचा तिच्या अर्जाला जोडलेला. प्रतिमानं जन्मली तिथेच शिकावं आणि बाप तिच्याजवळ असावा, एवढंच विनीताचं मागणं होतं. इंटरव्ह्यूचं पत्र आलं, तारीख चोवीस सप्टेंबर. नेमका पितृपंधरवडा! साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, पितृपक्षात असलं काम नका हो करू. पोर आधीच आजारी आहे माझी."

एरवी श्रीरंगचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण घरात दुखणं असलं की माणूस कशालाही घाबरतो.

"अरे, मला चालता येतंय तोवर उरकून टाकू ना," विनीता म्हणाली.

"थोडं पुढे गेलं तर काय बिघडतंय?" असं म्हणून यानं फोन केला आणि अपॉइंटमेंट कॅन्सल केली. नवी तारीख मिळाली बारा नोव्हेंबर. विनीता ऑक्टोबरच्या अखेरीस गेली.

ग्रीन कार्डाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी फाईल मिटली. "अर्ज तिचा होता, तिच्याबरोबर संपला. मुलगी अमेरिकन आहे, ती राहू शकते. तुम्ही नाही."

"सप्टेंबरात गेलो असतो तर?"

"बहुतेक त्याच दिवशी मंजूर झालं असतं."

आता एवढ्याशा पोरीला ठेवणार कुणाकडे? घरी बॅगा उघड्या पडल्या होत्या. प्रतिमा आईची शाल पांघरून बसली होती. "आय डोन्ट वॉन्ट टु गो, बाबा." श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात साताऱ्याचा फोन वाजला.

"देवाच्या मनात होतं, जावईबापू. तुम्ही काही कमी केलं नाहीत तिचं."

"आई, पितृपक्ष टाळायला इंटरव्ह्यूची तारीख मी बदलली होती."

"कसली तारीख?" सासूबाईंनी विचारलं.