गल्लीचं कार्ड

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत २००४ साली एकच क्रेडिट कार्ड होतं, प्रभुलिंगअण्णांचं. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून. पगार बेताचा, पण कार्डाचं बिल एकदाही चुकवलं नाही याचा भलता अभिमान.

लग्नाला मोठी पातेली मागावीत तसं आम्ही ते कार्ड मागायचो. तानाबाईला म्हशींच्या दुधाचे पैसे संस्थेकडून दर दहा दिवसांनी मिळत. मधेच नवऱ्याचं इन्सुलिन संपलं की अण्णा चपला घालून तिच्याबरोबर दुकानात जात, कार्ड देत, सही करत. पैसे हातात पडले की तानाबाई आधी अण्णांचं दार गाठायची. हंबीररावांच्या टेम्पोचे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर त्याच कार्डावर आले, माझ्या बायकोच्या बाळंतपणाची औषधंसुद्धा. कुणी एक रुपया बुडवला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

२००८ च्या दिवाळीआधी हंबीरराव पुन्हा टायर घ्यायला गेले, अण्णा सोबत. दुकानदारानं तीनदा कार्ड घासलं आणि सगळ्यांदेखत परत दिलं. घरी येऊन अण्णांनी कार्ड कंपनीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"सर, तुमची मर्यादा साठ हजारांवरून पंधरा हजार केलीय," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"का म्हणून? माझं एक तरी बिल थकलंय का?"

"नाही सर. पण तुमचा खर्च बघता घरात मोठं आजारपण दिसतंय. औषधं, दवाखाना, जुने टायर... असा खर्च करणारे पुढे अडचणीत येतात, असं आमची सिस्टीम धरते."

"आवं, मी आजारी न्हाय की! गल्ली आजारी हाय!"

आम्ही खो खो हसलो. अण्णा हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बुडणाऱ्यांत धरलं होतं. सहा महिने फक्त स्वतःच्या घरचा खर्च करा, मग फेरविचार होईल, असं त्या मुलानं सांगितलं. अण्णांनी ते मनावर घेतलं.

पाचव्या महिन्यात तानाबाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन दारात आली. "अण्णा, परवा दुधाचं बिल हाय. तेवढं इन्सुलिन..."

"एक महिना थांब, तानाबाई. आता न्हाय जमायचं."

आतून अण्णांच्या पत्नी रत्नव्वावहिनी ओरडल्या, "आवो, असं काय करताय? द्या की!" महिनाअखेर होती, घरात रोकड नव्हती. कार्ड मात्र खिशात होतं. अण्णांनी ते बाहेर काढलं नाही.

तानाबाईनं नवऱ्याला दोन दिवस अर्ध्या डोसावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला, चार दिवसांनी घरी आला. मला त्या कंपनीचा राग आला आणि खरं सांगायचं तर अण्णांचाही.

महिन्याभरानं पत्र आलं. अभिनंदन करून मर्यादा ऐंशी हजार केली होती. पत्र खिशात घालून अण्णा तसेच तानाबाईच्या गोठ्यात गेले. मी तिथं दूध न्यायला गेलतो.

"तानाबाई, आता कायबी लागलं तर सांग. कार्ड झालंय पैल्यासारखं."

ती धार काढत होती. वरसुद्धा बघितलं नाही. "ऱ्हाऊ द्या, अण्णा. आमचं आम्ही बघतो."

धार संपेपर्यंत अण्णा तिथंच उभे होते. त्यानंतर गल्लीतल्या कुणीच त्यांच्याकडे कार्ड मागितलं नाही. मीही नाही.