मोठं मशीन का खपत नव्हतं

आता आपल्या अब्रूची लक्तरं आपणच वेशीवर टांगायची म्हणजे… पण चहा आलाय, तर ऐकाच!

बिबवेवाडीत माझं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. दोन तऱ्हेची मशीनं ठेवतो, कन्सोल म्हणतात त्यांना. एक मोठं, ताकदवान. त्यातली चित्रं अशी, की रस्त्यावरचा खड्डासुद्धा खरा वाटावा! दुसरं छोटं, स्वस्त. बायको म्हणाली, "मोठी दोनच मागवा." मी ऐकतोय होय? आठ मागवली! वर तिला बजावलं, "मोठ्याला हात लावायचा नाही. ते मीच विकणार. त्यातलं तुला काय कळतं?"

छोटी पटापट जायला लागली. मी दुपारी घरी जाऊन जरा आडवा होतो, तेवढा वेळ ही दुकान सांभाळते. चारला येऊन बघावं, तर छोट्याचं आणखी एक खोकं गेलेलं. मोठी मात्र आठच्या आठ फळीवर!

एक दिवस कंपनीचा विक्री अधिकारी आला. म्हणाला, "साहेब, दिवाळीपर्यंत मोठी गेली नाहीत तर आम्ही ती उचलू. पुढचा माल दुसऱ्या दुकानाला."

म्हणजे दुकानाला टाळंच की हो! पण चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ.

"अहो, त्याला कारणं आहेत," मी सुरू झालो. आपल्याकडे टीव्हीखाली जागा नसते. छोट्यावर घरातले चौघं मिळून खेळतात. शिवाय मित्राकडे जे असतं तेच लोक घेतात. अर्धा तास बोलत होतो! तोही भराभरा लिहून घेत होता. मला वाटलं, हा आता मला व्याख्यानालाच बोलावतोय.

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आले. "ते मोठं जरा दाखवता?"

"घ्यायचंय की नुसतं बघायचंय?"

"बघितल्यावर ठरवू."

"खोकं फोडलं की ते नवं राहत नाही. टीव्ही किती इंची तुमचा?"

"बत्तीस."

"मग कशाला उगाच? गाढवाला गुळाची चव काय!"

त्यांचा चेहरा लालबुंद. "टीव्हीबद्दल म्हणालो हो!" मी ओरडलो, पण ते वळलेसुद्धा.

नेमकी तेव्हाच ही दारात. "काका, बसा ना. घरी कोण खेळणार?"

"मीच. मुलगी बंगळुरूला असते, तिनं हेच घेतलंय. म्हणाली, बाबा, तुम्हीही घ्या, रविवारी आपण दोघं इंटरनेटवरून फुटबॉल खेळू."

झालं! हिनं फळीवरचं खोकं काढलं आणि माझ्यादेखत टर्रकन फोडलं! माझा जीव कासावीस. मशीन दुकानातल्या टीव्हीला जोडलं, कंट्रोलर काकांच्या हातात दिला. दहाव्या मिनिटाला काकांनी गोल मारला आणि खुर्चीतून उठून असे ओरडले, की शेजारचा किराणावाला धावत आला. मशीन घेऊनच गेले ते.

अधिकारी चक्रावला. "वहिनी, मग हे आजवर का खपत नव्हतं?"

ही बिलबुक मिटत म्हणाली, "छोटं मी विकते. मोठं हे विकायचे."

दिवाळीच्या आत आठही गेली. आता कंपनीचा फोन रोज येतो. मी उचलून ऐटीत "बोला साहेब" म्हणतो, आणि पलीकडून एकच प्रश्न, "वहिनी आहेत का?"