सळया सोडलेला बोर्ड

बीडच्या एका कम्प्युटरच्या दुकानात मी गेमिंगसाठी नवा मदरबोर्ड बघत होतो. शेजारच्या स्टुलावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. तेलगावकडं त्यांचं किराणा दुकान होतं. मी सहज विचारलं, "मुलासाठी का, मावशी?"

"न्हाई, मलाच. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तवा गेमात ट्रक चालवते. घाटात गेम लई अडकतो."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. छोटा बोर्ड घेतला तर त्याच पैशात भारी ग्राफिक्स कार्ड येईल, असं दुकानदार त्यांना पटवत होता. मीही हेच ठरवून आलो होतो. छोट्या बोर्डावर रॅमसाठी दोन खाचा होत्या, मोठ्यावर चार. नोट उजेडात धरून बघावी तसा बाईंनी मोठा बोर्ड धरला आणि खाचांवरून अलगद बोट फिरवलं.

"ह्योच द्या. कार्ड साधं चालंल. रॅम बी सध्या एकच बसवा."

"मग बाकीच्या खाचा कशाला, मावशी?" दुकानदार हसला.

"वरच्या मजल्यासाठी स्लॅबवर सळया सोडतोतच की आपण. मजला आज न्हाई, म्हून सळया कापतोत का?"

माझ्या हातातला छोटा बोर्ड मी हळूच काउंटरवर ठेवला.

आमच्या घरावरही तशा सळया आहेत. वडिलांच्या हयातीत मजला चढला नाही, आणि त्या गंजक्या सळयांची मला कायम लाज वाटायची. त्या दिवशी घरी पोहोचलो आणि दारातच थांबून वर बघितलं. त्या अजून सरळ उभ्या होत्या.