दिवेलागणीला काढायची पट्टी

मामीचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या एसटी स्टँडवर होतो. "तुझे मामा गेले रे," ती म्हणाली, "सकाळची पट्टी छातीवरच हाय. काढू का?" मी 'काढ' म्हणालो. त्याला सहा आठवडे झाले.

काशिनाथमामा डोळखांबजवळच्या पाड्यावर राहत. घरामागच्या उतारावर त्यांची नाचणी. चार वर्षांपूर्वी तिथे चढताना छातीत कळ येऊ लागली. अर्ध्या वाटेवरच्या मोहाच्या झाडाखाली बसून ते परत फिरत. नाचणी दुसऱ्याला लावायला द्यायचं घरात ठरत होतं. त्या दिवसांत मामा कोणाशी धड बोलत नसत. शहापूरच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली. आठवड्यात मामा मोहाच्या पुढे गेले. "पेपरात छाप रे," मला, पेपरवाल्या भाच्याला, म्हणाले, "म्हातारा चिकटपट्टीवर चालतो."

महिनाभरात कळ परतली. पट्ट्या शिळ्या निघाल्या, हे मामांचं निदान. मी त्यांना पुन्हा शहापूरला नेलं. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, "रात्री काढता ना?"

"लेप रातचा कोन काढतो?"

आमच्याकडे मुरगळलेल्या पायावर झाडपाल्याचा लेप बांधला की तो उतरताच दुसरा बांधतात. जागा उघडी राहिली की गुण जातो, असं मानतात. मामांनी पट्टीलाही तोच नियम लावला होता. नर्सबाईंनी समजावलं : शरीराला औषधाची सवय होते, मग असर उरत नाही, रात्रीचे काही तास छाती मोकळी हवी. आणि कळ आलीच, तर पट्टीवर विसंबायचं नाही, जिभेखालची गोळी घ्यायची.

"तिलापन सुट्टी पायजे म्हना की," मामा म्हणाले.

तेव्हापासून दिवेलागणीला मामी विचारी, "पट्टी काढली का?" मामा ती दुमडून घट्ट झाकणाच्या डब्यात टाकत. "सुटली बिचारी कामावरून..."

पट्टीने हृदय बरं केलं नाही. तसं कोणी सांगितलंही नव्हतं. पण पुढचे तीन हंगाम मामांनी नाचणी स्वतः लावली, स्वतः कापली. त्याबद्दल मी त्या नर्सबाईंचा ऋणी आहे. प्रश्न विचारणं हा माझा पेशा, पण तो प्रश्न मला सुचला नव्हता.

परवा पाड्यावर गेलो. मामीने त्याच नाचणीची भाकरी वाढली. दिवा लावताना मामा बसत त्या ओट्याकडे वळून ती म्हणाली, "पट्टी..." मग फळीवरचा तो पट्ट्यांचा डबा काढून झाकण घट्ट आहे का पाहिलं, आणि पुन्हा जागेवर ठेवला.