फेंडर आणि टायरच्या मधली जागा

मी बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात काम करते. गाड्यांचा एखादा भाग तुटला की तो का तुटला, हे शोधून काढायचं, हेच माझं काम. कारण सापडतंच. त्यामुळे भूत, शाप असल्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढाल... काढा.

आम्ही बेंगळुरूचेच, कित्येक पिढ्यांपासून. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मोठा भाऊ नितीन, त्याला मी अण्णा म्हणायचे. त्याने दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली, निळी. स्प्रिंग बदलून ती खाली बसवून घेतली आणि मग चाकं निवडण्याचा उद्योग सुरू झाला. जेवतानासुद्धा ताटाशेजारी मोबाइल, आणि त्यावर चाकंच. खाली बसवलेल्या गाडीत टायर आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान, म्हणजे फेंडर, यांच्यात जागा उरते जेमतेम. रिम फार रुंद घेतली किंवा चाक हवं त्यापेक्षा बाहेर आलं, की टायर घासतो. अण्णाला सतरा इंची, आठ इंच रुंदीची रिम हवी होती, टायर २२५/४५ मापाचा. "आपल्या खड्ड्यांना टायरची भिंत जाड हवी गं," म्हणायचा. बरोबरच होतं त्याचं.

येलहंक्याच्या प्रदीप नावाच्या दुकानदाराने त्याचं मन वळवलं. अठरा इंची, साडेनऊ रुंद, आणि त्यावर ताणून बसवलेला अरुंद टायर. दिसायला झक्कास, पण खड्ड्याचा दणका थेट रिमला. "माल नवीन आहे सर," असंही सांगितलं.

एका रविवारी सकाळी होसकोट्याच्या रस्त्यावर मागचं डावं चाक फुटलं. गाडी गरकन फिरून दुभाजकावर आदळली. अण्णा जागीच गेला.

जिथे गाडी ओढून नेली होती, त्या यार्डात मी ते चाक पाहिलं. रिमच्या आतल्या बाजूला जुनं वेल्डिंग होतं, वरून रंग मारलेला, आणि तडा नेमका तिथूनच गेला होता. मी फोटो काढले. पोलिसांना घेऊन परत गेले तर चाक गायब. फोटोवरून ते कोणी विकलं हे सिद्ध होत नाही, म्हणाले. प्रदीपने सांगितलं — चाक माझ्याकडचं नव्हेच, तो माणूस गाडी वेड्यासारखी चालवायचा.

मला रडू आलं नाही. त्याचं वाटोळं व्हावं, एवढंच मनात होतं. देवापुढे हात जोडले तरी तेच मागायचे.

मी गाडी दुरुस्त करून घेतली. पांढरा रंग दिला, मूळची चाकं लावली. बेत साधा होता. गिऱ्हाईक बनून प्रदीपकडे जायचं, त्याच्याकडून पक्क्या बिलावर चाकं घ्यायची आणि ओळखीच्या लॅबमध्ये त्यांचा एक्स-रे काढायचा. तो मला ओळखत नव्हता. गाडीही त्याने ओळखली नाही.

भर दुपार होती. दुकानात त्याचे दोन मेकॅनिक आणि आपल्या गाडीचा व्हिडिओ काढत उभं असलेलं एक गिऱ्हाईक. सगळं बोलणं कन्नडमध्ये.

"सतरा घालून काय करणार मॅडम? अठरा घ्या, साडेनऊ रुंद. फेंडरची कड स्वल्प आत वळवू, झालं काम."

"घासणार नाही?"

"मी बसवलेलं चाक घासत नाही."

"आणि माल?"

"नवीन."

चाकं बसली, गाडी जॅकवरून जमिनीवर आली. प्रदीप मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने उजवा हात टायर आणि फेंडरच्या मधे सरकवला. "बघा, हात आरामात जातो—"

गाडी खाली बसली. फक्त तो एक कोपरा. इंजिन बंद होतं, आत कोणी नव्हतं. आवाजसुद्धा आला नाही. त्याची बोटं पत्र्याखाली अडकली आणि तो ओरडायला लागला. दोघं मेकॅनिक धावले, गाडी उचलायला लागले, ती हलेना. मग जॅक लावला. एरवी जॅकने गाडी वर गेली की चाक मागे खाली लोंबतं आणि जागा उघडते. इथे चाक गाडीबरोबरच वर आलं, फेंडरला चिकटून. मी स्वतः पाहिलं.

मी त्याच्याजवळ बसले. घाबरले नव्हते. अंगातून थंडगार समाधान पसरत होतं.

"ही गाडी आधी निळी होती," मी म्हणाले. "होसकोट्याला याच कोपऱ्याचं चाक फुटलं. ते कोणी विकलं?"

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच... वेल्डिंग केलेलं होतं. मला माहीत होतं. यार्डातून मीच उचलायला लावलं. मॅडम, हात..."

सगळ्यांनी ऐकलं. व्हिडिओवालाही आमच्याकडे वळून शूट करत होता. गाडी तरीही उठली नाही. काय करायचं ते मला कळलं होतं, पण मी थांबले. त्याला आणखी थोडं ओरडू दिलं. मग फेंडरवर हात ठेवून मराठीत हळूच म्हणाले, "अण्णा, सोड."

गाडी उठली.

त्याची दोन बोटं काढावी लागली. व्हिडिओवर केस उभी राहिली, दुकानाला कुलूप लागलं. मी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये सगळी खोलून तपासली. स्प्रिंग शाबूत, शॉक-अॅब्सॉर्बर शाबूत. मागे धडधाकट माणसं बसवून पाहिली, तरी त्या जागेत हात सहज जातो. माझ्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर रिपोर्टमधला कारणाचा रकाना कोराच आहे, आणि तो भरेल असं मला वाटत नाही.

दुकानात हे घडलं त्याच संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. हे कसं घडलं, असं तिने विचारलंच नाही.

"कुठला हात?" एवढंच म्हणाली.

"उजवा."

"सरी," म्हणाली, कन्नडमधलं 'ठीक', आणि कुकर लावायला आत गेली.