सही नसलेला अर्ज आणि दोन गोलकीपर

त्या पाकिटावरचं अक्षर मी आजही ओळखीन. वर वळणदार अक्षरात 'मा. प्रभारी अधिकारी', खाली आमच्या पोलीस ठाण्याचा पत्ता आणि मागे पाठवणाऱ्याच्या जागी नुसती एक रेघ. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. तरी कुणी "एखादी केस सांगा" म्हटलं की मला आधी हे पाकीट आठवतं. यात मुद्देमाल नव्हता, अटक नव्हती. सतरा वर्षांच्या आतल्या एका मुलीचा पासपोर्ट तेवढा होता. हे सांगण्यासारखं आहे की नाही, याची मला अजूनही पूर्ण खात्री नाही. पण सांगतो.

शहराचं नाव तेव्हा बदललं नव्हतं. जुन्या शहरातल्या एका ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. पासपोर्ट पडताळणीचं टेबल एका जुन्या हवालदारांकडे होतं. रोज पाच-सात अर्ज यायचे. पत्त्यावर जायचं, शेजारचे दोन साक्षीदार घ्यायचे, गुन्हे तपासायचे आणि अहवाल पाठवायचा. त्यात एक अर्ज या मुलीचा होता. देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघात तिची गोलकीपर म्हणून निवड झाली होती. संघ परदेशी जायला तीन आठवडे होते. तिच्या घराण्यात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच.

पडताळणी सुरू व्हायच्या आतच टपालात ते पाकीट आलं. आवक नोंदवहीत नोंद करून हवालदारांनी ते माझ्यापुढं ठेवलं. आतल्या निनावी तक्रारअर्जात दोन गोष्टी होत्या. एक, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि जन्माच्या दाखल्यावरची तारीख यांत एका वर्षाचा फरक आहे, म्हणजे वय चोरलेलं आहे. दोन, या घरात दुसऱ्या देशाच्या विजयाला फटाके फुटतात, अशा घरातल्या मुलीच्या अंगावर भारताची जर्सी शोभेल का? सोबत शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स जोडलेली होती.

मुलगी अज्ञान, त्यामुळे तिला ठाण्यात बोलावण्याचा प्रश्न नव्हता. मी साध्या कपड्यांत, एका महिला शिपाई बाईंना घेऊन, तिच्या घरी गेलो. गणवेशातला पोलीस दारात दिसला की गल्ली निकाल आधी लावते, चौकशी नंतर होते. वडील ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. दोन खोल्या. खिळ्याला गोलकीपरचे हातमोजे वाळत टांगलेले, बोटांना सायकलच्या पंक्चरचं रबर लावलेलं.

मी फटाक्यांचं विचारलं. वडिलांचा चेहरा उतरला. मुलगी मात्र सरळ म्हणाली, "फोडले ना साहेब."

महिला शिपाई बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"कुणासाठी?"

"अर्जेंटिनासाठी. मामूंनी फोडले. अब्बू ब्राझीलवाले. दोघं आठ दिवस बोलत नव्हते."

"बोल रहे थे," वडील घाईनं म्हणाले. "सिर्फ दुआ-सलाम बंद थी, साब."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. एक मुद्दा संपला होता. दुसरा मात्र खरा निघाला. जन्मदाखला न्यायालयाच्या आदेशानं, उशिरा नोंदवलेला. घरी, दाईच्या हातून झालेला जन्म. आणि शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष आधीची तारीख होती, एक जून. शाळेची तारीख खरी धरली तर ती वयाच्या मर्यादेबाहेर जात होती. खेळाच्या लोकांची वैद्यकीय तपासणी वेगळी असते, ती तिनं पार केली होती. पण माझ्यापुढं कागद होते, आणि कागद भांडत होते.

एक जूनचं मला नवल वाटलं नाही. माझी स्वतःची जन्मतारीखही एक जूनच आहे. फुलंब्रीकडच्या आमच्या गावात गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच तारीख देऊन टाकली होती. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तेव्हा ती तपासायला तरी कोण होतं! मी तिच्या शाळेत गेलो. तेव्हाचे मुख्याध्यापक निवृत्त झाले होते, त्यांना घरी गाठलं. ते म्हणाले, "आई म्हणाली, मोठ्या बहिणीसोबत पाठवीन, एकटीला नाय. मग मी वर्ष वाढवून एकाच वर्गात घेतलं. नायतर ती पोरगी शाळेत आलीच नसती." त्यांचा जबाब घेतला. पण 'मी वर्ष वाढवलं' याला त्यांच्या शब्दापलीकडं पुरावा नव्हता.

इथं माझी चूक झाली.

हवालदारांनी मोहल्ल्याची माहिती काढली होती. त्या भागात दोन मशिदी, दोन गट. मुलीचे वडील दर्ग्याला जाणाऱ्यांपैकी. दुसऱ्या गटाला ते मान्य नाही, ते वेगळी नमाज पढतात. या दुसऱ्या गटातले एक वयस्कर गृहस्थ मदरसा चालवायचे. वर्षभरापूर्वी त्यांनी मुलीच्या वडिलांना भर रस्त्यात सुनावलं होतं की मुलीला अर्ध्या चड्डीत मैदानावर पाठवू नका. तेव्हापासून बोलणं बंद. मला वाटलं, झालं, अर्ज लिहिणारा सापडला. गट दुसरा, खेळाला विरोध आणि त्यात खेळणारी मुलगी. याहून वेगळं कारण शोधायची मला गरजच वाटली नाही.

मी त्यांच्याकडं गेलो ते मनात निकाल ठरवूनच. त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"हौ, मैं बोला था. आज भी बोलता हूँ. लडकियों का ये खेल मेरेकू पसंद नै."

"मग अर्ज तुम्हीच दिलात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "साहेब, रस्त्यात चारचौघांसमोर बोललो तेव्हा तोंड लपवलं नव्हतं. अर्ज दिला असता तर खाली सही केली असती."

मग त्यांनीच विचारलं, अर्जात काय आहे? मी वयाचं सांगितलं. ते उठून आत गेले. बऱ्याच वेळानं एक लांबट, कापडी बांधणीची वही घेऊन आले.

मुसलमान घरांत मूल जन्मलं की सातव्या दिवशी अकीका करतात. बकरा कापतात, बाळाचं नाव ठेवतात. बकऱ्याची खाल, म्हणजे कातडं, मदरशाला देण्याची रीत आहे. तिची ही वही होती. कुणाच्या बाळाची खाल, कोणत्या दिवशी. मजकूर उर्दूत, तारखा इंग्रजी आकड्यांत. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, खाल एक, आणि तारीख. जन्मदाखल्यावरच्या तारखेला बरोबर सहा दिवस मिळवले की येणारी.

"तेव्हा या भागात मदरसा एकच होता. भांडणं नंतरची."

"ही वही तुम्ही मला का दाखवताय? तुम्हाला तर तिचा खेळ नको."

"खेल नक्को. झूट उससे ज्यादा नक्को." ते वही माझ्याकडं सरकवत म्हणाले, "बच्ची की उमर सच्ची है. मैं गवाही लिख के देता हूँ."

त्यांच्या गटातले लोक नंतर त्यांना काय म्हणाले असतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी जबाबावर सही केली, आणि ती वाचता येईल अशी मोठी केली. वही मी पावती देऊन ताब्यात घेतली. एका उर्दू शाळेच्या शिक्षकांकडून तो मजकूर पुन्हा वाचून घेतला.

वयाचा प्रश्न सुटला. अर्ज कुणाचा, हा राहिला. खरं तर पडताळणीसाठी ते कळायची गरज नव्हती. पण पहिला अर्ज फसला तर माणूस दुसरा टाकतो, हा अनुभव होता. रात्रपाळी संपवून मी ती झेरॉक्स घेऊन खिडकीपाशी बसलो. पहिल्या दिवशी मी फक्त तारीख वाचली होती. आता कागद पाहिला. खालच्या कोपऱ्यात अर्धवट उमटलेला गोल शिक्का होता, 'खरी प्रत', आणि एक लहान सही. तशीच सही मुलीच्या निवडीच्या कागदांवर पाहिली होती, ती तिच्या फुटबॉल प्रशिक्षकांची होती. म्हणजे ही प्रत मोहल्ल्यातून आलेली नव्हती. ती प्रशिक्षकांच्या फायलीतून आलेली होती.

प्रशिक्षक म्हणजे शहराच्या सिडको भागात राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. वडील कारकून, आजोबा भिक्षुक. त्यांनी या मुलीला वर्षानुवर्षं स्वतःच्या स्कूटरवरून मैदानावर नेलं होतं. मी शिक्का दाखवला तसे ते लाल झाले.

"माझ्यावर संशय घेता?"

"तुमच्यावर नाही. फाईल तुमच्या हातून कुठं गेली होती का?"

त्यांनी बराच विचार केला. चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. "मला थोडा वेळ द्या," ते म्हणाले, "मी आत्ता काही बोललो तर एका लेकराचं नाव जाईल."

मी जोर केला असता तर ते बोलले असते. का कोण जाणे, मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यासमोर एक मोठी गाडी थांबली. बिडकीनकडचं कुटुंब. आई आणि मुलगी. जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर त्यांनी बंगला बांधला होता, मुलीला बाहेरून मागवलेले बूट घेतले होते. ती याच प्रशिक्षकांकडची दुसरी गोलकीपर. दोघी खुर्च्यांच्या कडांवर बसल्या.

"साहेब, मी राखीव हाय," मुलगी म्हणाली. "म्हणजे ती नाय गेली तर मी जाणार."

"बरं."

"अर्ज आमच्या घरातून गेलाय."

आईनं तिचा हात धरला. "अगं, दमानं सांग."

"झेरॉक्स मीच काढल्या. सरांनी दोघींचे कागद दिले होते. काका म्हणले, एक प्रत जादा काढ, सरांना लागंल. परवा ते फोनवर हसत होते, 'अडकली बरं का' म्हणून. तव्हा मला कळलं."

"तू गप्प राहिली असतीस तर तुझा नंबर लागला असता."

"लागला असता की." तिचे डोळे भरले, पण आवाज तुटला नाही. "मला बी जायचंय साहेब. लई जायचंय. पण रोज सकाळी ती माझ्यावर शंभर बॉल मारती, मी तिच्यावर शंभर. तिच्या हातमोज्याला रबर लावायला मीच बसते. तिच्या जागेवर असं जाऊन उभी राहिले तर बॉल दिसायचा नाय मला."

हवालदार शेजारीच उभे होते. ते उगीचच पाणी आणायला बाहेर गेले.

काकांना बोलावलं. त्यांनी फार वेळ नाकारलं नाही. जबाबात ते म्हणाले, घरच्या पोरीचं नाव व्हावं एवढाच हेतू. मी विचारलं, मग ते फटाक्यांचं कशाला लिहिलंत? त्यांनी मान खाली घालून जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं, "नुसतं वयाचं लिहिलं असतं तर तुम्ही अर्ज बाजूला ठेवला असता. त्या लोकांचं तसं लिहिलं की पोलीस लवकर हालतात, एवढं ठाऊक होतं."

तो जबाब टंकायला दिला तेव्हा मी टंकणाऱ्या शिपायाकडं पाहू शकलो नाही. कारण ते खरं होतं. मी हाललो होतो.

मुलीच्या वडिलांनी तक्रार द्यायला नकार दिला. गुन्हा नोंदवला तर बिडकीनच्या मुलीला घरचे मैदानावर पाठवणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठांना सगळं सांगून, काकांना लेखी समज देऊन, अर्ज दफ्तरी दाखल केला. पडताळणीचा अहवाल अनुकूल पाठवला. संघ निघायला चार दिवस असताना पासपोर्ट हाती आला. वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरून उघडला, फोटो पाहिला आणि मुलीकडं दिला.

तीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य निनावी अर्ज हाताळले. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याची चौकशी करायची, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण ज्यानं लिहिलं तो कोण, याचं उत्तर आम्ही मनातल्या मनात आधीच देऊन ठेवतो, आणि ते उत्तर बहुतेक वेळा आमच्या स्वतःच्या सवयीतून आलेलं असतं. त्या कोऱ्या जागी मी एका म्हाताऱ्या माणसाचं नाव लिहून टाकलं होतं. त्यानं ते पुसलं, तेही पुरावा देऊन. आणि दोन मुलींनी मला दाखवलं की एकाच जागेसाठी भांडणारी माणसंसुद्धा एकमेकांशी सरळ वागू शकतात. मी शिकलेला माणूस, पण हे मला शिकलेल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

संघ परतल्यावर महिन्याभरानं मी ती वही परत द्यायला गेलो. झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना अवघड वाटलं असावं, त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, पानं मोजल्यासारखं केलं. मग दाराकडं एकदा बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"बच्ची को खिलाए क्या?"

"एका सामन्यात. अर्धा वेळ."

"कितने गोल खाई?"

"एकच."

"एक," ते म्हणाले. थोडा विचार केला. "एक चलता."