आधी शेजार वाचणाऱ्या शालिनीकाकू

शालिनीकाकूंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात तक्रारी नकोत, असं संपादकांनी बजावलं आहे. तरीही एक नोंदवतोच. अमेरिकेत श्रूजबरीच्या त्यांच्या घरी गेल्या अकरा वर्षांत मला एकदाही बसून चहा मिळालेला नाही. डायनिंग टेबलावर जुन्या जनगणनेची पानं, खुर्च्यांवर त्यांच्या झेरॉक्स. पाहुण्याने कप घेऊन सिंकपाशी उभं राहायचं. उभ्याने पाणीसुद्धा पिऊ नये, असं शिकवणाऱ्या पाठशाळेत मी वाढलो. या अधःपाताची जबाबदारी सर्वस्वी काकूंवर आहे.

हा लेख मोठ्या टायपात छापावा, अशी माझी विनंती आहे. वर्षभरापासून काकूंच्या नजरेचा मधला भाग विरत चालला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर बारीक पाहण्याचंच काम केलं, त्यांच्या बाबतीत हे व्हावं, यावर मला विनोद सुचत नाही.

जुने कागद वाचण्याच्या त्यांच्या रीतीचा पहिला परिचय मला हेलनमुळे झाला. हेलन आमची शेजारीण, निवृत्त शिक्षिका. तिच्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीच्या जनगणनेचं एक पान होतं. पणजोबांच्या ओळीत ‘व्यवसाय’ या रकान्यातला शब्द शाईने फुगलेला, आणि नंतर कचेरीत मोजदाद करणाऱ्या कारकुनांनी त्याच्यावरच खुणा मारलेल्या. घरात कुणालाच तो लागत नव्हता. मी पुण्यात हस्तलिखित पोथ्यांवर डोळे फोडलेले. पाच मिनिटांत निकाल दिला : व्हायोलिन बनवणारा! हेलन हरखली. शिक्कामोर्तब करून घ्यावं म्हणून मी तिला काकूंकडे नेलं.

काकूंनी कागद पाहिला, मग मला पाहिलं.

“हिच्या घरी व्हायोलिन आहे का रे?”

“आहे ना! पणजोबांच्या काळातलं.”

“मग शास्त्रीबुवा, तुम्ही कागद वाचलाच नाहीत. हेलनचा दिवाणखाना वाचलात.”

काकू चाळीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकटी पेशी पाहिली की ती फसवते, आधी आजूबाजूचं सगळं पाहायचं, ही त्यांची सवय. कागदालाही त्यांनी तोच नियम लावला. अडलेल्या शब्दाकडे त्या बघतच नाहीत. नोंदणी करणारा माणूस त्या दिवशी दारोदार कसा फिरला, कोणत्या घरातून कोणत्या घरात गेला, ते आधी नकाशावर काढतात. मग वरची घरं, खालची घरं, समोरची रांग. त्या माणसाने पानभर काढलेलं प्रत्येक अक्षर वेगळ्या कागदावर उतरवतात. शब्दाची पाळी सर्वांत शेवटी. मी पाच मिनिटांत उरकलेल्या कामाला त्यांना तीन आठवडे लागले.

त्या गल्लीतले बहुतेक पुरुष जवळच्या वूस्टर शहरातल्या तारेच्या कारखान्यात होते. हेलनचे पणजोबाही तिथेच, लोखंडी सळई ओढून तिची तार करणारे. हे सांगण्यासाठी काकूंनी हेलनला आणि मला गाडीत घालून त्या गल्लीत नेलं. “घरी बसून ऐकलं की नुसता शब्द कळतो,” म्हणाल्या. ते काम करणाऱ्यांचे तळहात कसे राठ होत, बोटं कशी वाकेनाशी होत, तेही त्यांनी डॉक्टरच्या शांतपणे सांगितलं.

हेलन म्हणाली, “आजी सांगायची, वडिलांच्या शर्टाची बटणं रोज तीच लावून द्यायची. आम्हाला वाटायचं, लाड.”

“आणि व्हायोलिन?” मी विचारलं. मला अजून आशा होती.

“ते कुणाचं, मला माहीत नाही,” काकू म्हणाल्या.

‘माहीत नाही’ हे त्या इतक्या सहज म्हणतात की आमच्यासारख्या पंडितांना धडकी भरते. दूरच्या चँडलर शहरातल्या एका मराठी इंजिनिअरने फोनवर गळ घातली होती, “काकू, बायकोच्या पणजोबांचं अप्रॉक्झिमेट तरी सांगा ना! थँक्सगिव्हिंगला फ्रेम करून द्यायचंय.”

“अप्रॉक्झिमेट पणजोबा नसतो रे,” काकू म्हणाल्या, आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीने ‘कळले नाही’ असं लिहिलं. तसल्या कागदांचा त्यांच्याकडे एक जाड गठ्ठा आहे. तो मला त्यांच्या सगळ्या यशापेक्षा थोर वाटतो. ह्या बाईंनी ह्या कामाचं कधी काही घेतलं नाही, आणि ज्यांची नावं त्या वाचतात त्यांच्याशी त्यांचं रक्ताचं तर सोडाच, भाषेचंही नातं नाही.

हल्ली रविवारी मी त्यांच्याकडे जातो. मी अक्षराचं वर्णन करतो, त्या डोळे मिटून ऐकतात. “रेघ वर जाताना जाड होते की खाली येताना?” मागच्या महिन्यात एक शब्द मला झटकन लागला. मी ठासून सांगितला, त्यांनी लिहून घ्यायला सांगितला. घरी आल्यावर लक्षात आलं, शेजारची घरं मी पाहिलीच नव्हती. पाहिली, तर शब्द चूक. फोन केला.

“मला शंका आली होती,” काकू म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत?”

“डोळे तुझे होते ना रे.”

जुन्या आशीर्वादांत शंभर शरद जगण्याच्या आधी शंभर शरद पाहण्याचं मागणं येतं. तो क्रम पूर्वजांनी विचारपूर्वक लावला असावा. काकूंना आरोग्य लाभो, उरलेले पंचवीस शरद त्यांनी पाहावेत, आणि आम्हाला दटावत पाहावेत, ही प्रार्थना.

पण मला खरी काळजी माझी आहे. उद्या लोक कागद घेऊन माझ्याकडे येतील. त्यांचे चेहरे पाहून मी काहीतरी चांगलं सांगून टाकेन, आणि ते विश्वास ठेवतील.